तपासनीसाचे दात

"डॉक्टर, मांजर आपल्याला चावलं, तर आपण त्याला उलट चावलेलं चालतं का?"

प्रश्न विचारून भोंगा उभीच राहिली. सभागृहात क्षणभर कोणाला काही उमजलं नाही. मग मागच्या रांगेतून खुसखुस सुरू झाली आणि बघता बघता पुढे बसलेल्या शिक्षकांपर्यंत पोचली. मुख्याध्यापिकांनी कपाळाला हात लावला. भोंग्याच्या शेजारी बसलेली चष्मेवाली मैत्रीण तर हसू दाबण्याच्या नादात बाकाखालीच जायची बाकी राहिली. तिनेच सकाळी पैज लावली होती. "प्राण्यांच्या डॉक्टरबाई येणार आहेत, एवढा एकच प्रश्न विचारून दाखव. नाही विचारलास तर वर्षभर तुला मुकी म्हणू."

मुकी हे तिचं जुनं नाव होतं. गेल्या वर्षापर्यंत ती हजेरीलासुद्धा ओ द्यायची ती बाकाच्या कानात सांगितल्यासारखी. मग शाळेच्या नाटकात गिरणीच्या भोंग्याचा आवाज काढायला कोणी मिळेना, तेव्हा बाईंनी हिला उभं केलं. हिने डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि पडदा ओढायला शिडीवर चढलेली मुलगी आपोआप खाली आली. त्या दिवसापासून ती भोंगा झाली. एवढा मोठा आवाज आपल्या पोटात होता हे तिचं तिलाच माहीत नव्हतं, आणि एकदा कळल्यावर तो घरात ठेवून शाळेत येणं तिला काही जमेना.

डॉक्टरबाई ठेंगण्या होत्या, त्यामुळे बोलायच्या टेबलामागून त्यांचं फक्त डोकं दिसत होतं. त्या हसल्या नाहीत. "उलट चावू नकोस," त्या म्हणाल्या. "तोंडात केस जातात. कुठे चावतं तुझं मांजर?"

भोंग्याने बाही कोपरापर्यंत वर सारली.

हे काही पैजेत नव्हतं. हसू पुढून मागे विझत गेलं. मनगटापासून वर नुसत्या दातांच्या खुणा. काही वाळून पिवळ्या पडलेल्या, काही लाल, एक तर कालचीच. भोंगा त्यांच्याकडे दुसऱ्याच कोणाचा हात बघावा तशी बघत उभी होती.

"संपल्यावर मला भेट," डॉक्टरबाई म्हणाल्या.

आता या खुणा कुठून आल्या ते सांगायचं, तर आधी हातमोज्यांचं सांगायला हवं.

भोंग्याच्या घराच्या मागच्या अंगाला हातमोज्यांचा कारखाना होता. कारखाना आपला म्हणायचा कौतुकाने. दोन खोल्या, शिवायच्या दोन मशिनी, कातडं कापायचं लांब टेबल, आणि भिंतीला ओळीने लावलेले लाकडी हात. शिवलेला मोजा त्या हातावर चढवून ठोकून सारखा करायचा. मोजे काही थंडीत घालून मिरवायचे नव्हेत. लोखंड जोडणाऱ्यांचे, भट्टीवाल्यांचे, कोपरापर्यंत येणारे, जाडजूड. बाबा कापायचे, काका शिवायचा. बाबा मोजून बोलायचे आणि काका न मोजता. त्यामुळे दोघांची सरासरी बरोबर यायची असं आई म्हणे.

एकदा कातड्याच्या गठ्ठ्यातून मांजराचं पिल्लू निघालं, मुठीएवढं, रागाने फुगलेलं. नुसत्या हाताने उचलायची कोणाची छाती होईना. काकाने नुकताच शिवलेला मोजा चढवला आणि पुढे केला. पिल्लाने अंगठ्याला असा कडकडून चावा घेतला की काकाने हात वर केला तरी ते लोंबकळतच राहिलं. काकाने मोजा काढून उजेडात धरला, आत बोट घालून बघितलं, आणि जाहीर केलं, "दात आरपार नाही. माल पास."

झालं. तिथून पुढे हा रिवाजच पडला. माल बांधायच्या आधी ढिगातला एक मोजा काढायचा, कोणीतरी तो घालायचा, बोटं नाचवायची आणि पिल्लाला सोडायचं. दात आत लागला तर माल नापास. पिल्लाचं नाव पडलं तपासनीस. भोंगाही संध्याकाळी दोन्ही हातांत कोपरापर्यंत मोजे चढवून जमिनीवर लोळायची, आई दवाखान्यातून आली की तीही एक मोजा घालून बसायची. तपासनीस जीव तोडून चावायचा आणि सगळी हसून लोळायची. पिल्लाचा बोका झाला, दुधाचे दात जाऊन सुईसारखे आले, तरी खेळ तोच.

मग काका गेला. भर दुपारी, मशिनीवर बसल्या बसल्या त्याने मान खाली घातली, आणि सगळ्यांना वाटलं सुईत दोरा ओवतोय.

त्यानंतर घर बधीर झालं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर आपलाच गाल आपला राहत नाही, बोट लावलं तर कळतं की तिथे काहीतरी आहे, पण ते कोणाचं ते कळत नाही, तसं. स्वयंपाक होत होता, कपडे वाळत होते, दिवे लागत होते. बाबा रडले नाहीत. भोंगाही रडली नाही. तिला वाटायचं, आधी बाबा रडतील, मग आपण. बाबांची पाळी येईना, त्यामुळे तिची राहूनच गेली. मोठ्या कामाच्या नवीन मागण्या बाबांनी नाकारल्या, थोडंथोडकं कापत शिवत बसले. संध्याकाळचा खेळ तर कोणाच्या मनातही आला नाही.

तपासनीसाच्या मात्र आला. मोजे दिसेनात, म्हणून तो उघड्या हातांवर आला. पांघरुणातून बाहेर राहिलेली बोटं, पानं उलटणारा हात, भाजी चिरणारा हात, कशालाच सोडेना. नुसतं ओरबाडणं नव्हे. दात रुतवून, मागच्या पायांनी लाथा झाडत.

आई परिचारिका होती. जखम म्हटली की तिचा आवाज कोरडा व्हायचा. एके दिवशी बाबांचं बोट सुजून टम्म झालं, तेव्हा तिने त्यांना स्वयंपाकघरात दिव्याखाली बसवलं आणि बोट चिरून पू काढला. भोंग्याने वाडगा धरला होता.

"दुखतंय का?" आईने विचारलं.

"नाही."

"नाही कसं? एवढं पिकलंय."

"नाही दुखत," बाबा म्हणाले. दुसऱ्याच्या घरी दुरुस्तीला आलेला माणूस बघतो तसे ते त्या बोटाकडे बघत होते.

आईचा हात जरासा थबकला. मग तिने पट्टी बांधली, हात धुतले, आणि सगळा राग बोक्यावर काढला. "हा बोका घरात नको. मांजराचा चावा म्हणजे चेष्टा वाटते का तुम्हाला? हात जातो माणसाचा. आणि या घराचं पोट हातावर आहे. तो कातड्याचा व्यापारी गोदामासाठी मांजर मागतोच आहे, देऊन टाका त्याला."

"गोदामात दोन कुत्रे आहेत," भोंगा म्हणाली.

"मग हा त्यांना चावेल."

"आई, मी त्याचं चावणं सोडवते."

"तू? तुला तुझ्या वेणीची गाठ सुटत नाही."

"सोडवते म्हटलं ना."

आईने तिच्याकडे पाहिलं. ही मुलगी वर्षभरात एकदम बोलायला लागली होती आणि तिचं काय करायचं हे आईला अजून ठरवता आलं नव्हतं. "तुझ्या परीक्षा संपेपर्यंत," ती म्हणाली. "शेवटचा पेपर झाला आणि तरीही या घरात एक जरी ताजा चावा दिसला, तर गोदाम. मग रडायचं नाही."

"मी कुठे रडते," भोंगा म्हणाली. ते खरंच होतं.

तर आता डॉक्टरबाई जिन्याखाली आपली पिशवी आवरत होत्या आणि भोंगा समोर उभी होती. चष्मेवाली थोडी मागे. आपण लावलेल्या पैजेचं हे काय होऊन बसलं म्हणून गप्प.

"लहानपणी त्याच्याशी कशाने खेळायचात?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हाताने." मग भोंग्याने मोज्यांची, मालाची, पास-नापासची सगळी कथा सांगितली. काकाचंही सांगितलं, पण ते मालाच्या ओघात, एका वाक्यात.

डॉक्टरबाईंनी पिशवी खाली ठेवली. "इतकी वर्षं मांजरं बघते मी, पण मांजराला नोकरीला ठेवून चावायला शिकवणारं घर पहिल्यांदाच बघितलं. अगं, दोन पिल्लं खेळताना एकमेकांना चावतात. एकाला लागलं की ते ओरडतं आणि खेळ सोडून निघून जातं. त्यावरून दुसऱ्याला कळतं, इतकं नाही चावायचं. तुमच्या बोक्याला हे कोणी सांगितलंच नाही. त्याला वाटतं, हात म्हणजे हातमोजा. आत कोणीतरी आहे, हे त्याच्या गावीही नाही."

भोंगा म्हणाली, "आता सांगता येईल?"

"येईल. पण मारून नाही, पाणी उडवून नाही. तो चावला की हात मागे ओढायचा नाही, पळणाऱ्या गोष्टीला तो आणखी धरणार. हात मेल्यासारखा सोडून द्यायचा. सुटला की उठायचं आणि खोलीबाहेर जायचं. त्याच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही. खेळ संपला. आणि त्याला खरा खेळ द्यायचा. लांब काठी, तिला दोरी, दोरीला चिंधी. जेवायच्या आधी पळवायचा, दमला की खायला द्यायचं. त्याच्या शेपटीवर लक्ष ठेव. टोक फटकारायला लागलं की हात बाजूला."

"ओरडायचं नाही?"

"तू तर मुळीच नाही. मघाशी माईक बंद होता, तरी मला ऐकू आलं."

मागे चष्मेवाली फिसकन हसली.

"आणि एक," डॉक्टरबाई पिशवी उचलत म्हणाल्या. "घरात सगळ्यांनी हेच करायचं. एक जण जरी हाताने खेळवत राहिला, तरी तुझी सगळी मेहनत पाण्यात."

घरी येऊन भोंग्याने जेवणाच्या टेबलाशी उभं राहून सगळे नियम सांगितले. आईने पाव कापता कापता ऐकून घेतलं. "म्हणजे बोक्याने नाही सुधारायचं, आम्ही सुधारायचं. ऐकावं ते नवल." पण तिने ऐकलं. बाबांनी मान हलवली. "बरं," ते म्हणाले. हल्ली ते सगळ्यालाच बरं म्हणायचे.

भोंग्याने कारखान्यातली एक लांब पट्टी घेतली, तिला मेण लावलेला दोरा बांधला आणि टोकाला कातड्याची चिंधी. पहिले काही दिवस तपासनीसाने चिंधीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एवढा मोठा अधिकारी, चिंधीची काय तपासणी करणार. तो सरळ काठी धरलेल्या हातावर यायचा. दात रुतायचे. भोंगा हात सैल सोडायची, भिंतीवरच्या एका डागाकडे बघायची, आणि तो सुटला की उठून बाहेर जायची. दाराबाहेर उभी राहून शंभरापर्यंत आकडे म्हणायची आणि मग पुन्हा आत.

या कामात ती किती हुशार आहे हे बघून तिचं तिलाच नवल वाटलं. शाळेत बडबड करणारी, जिन्यावरून तीन तीन पायऱ्या उड्या मारत येणारी भोंगा घराचं दार ओलांडलं की कळ फिरवल्यासारखी बंद व्हायची. हात आपला नाहीच असं समजायचं. दात लागतात ते कुठल्या तरी हाताला लागतात. तिला काही अवघड गेलं नाही. घरात सगळ्यांना याची सवयच झालेली होती.

हळूहळू चिंधीने मात्र जादू केली. एकदा ती कपाटाखाली सर्रकन गेली आणि तपासनीसाच्या अंगातला उंदीर पकडणारा बोका अधिकारीपण विसरून तिच्यामागे धावला. मग रोज जेवायच्या आधी पळापळ. दमून, जीभ बाहेर टाकून तो वाडग्याशी बसायचा. चावणं विरळ झालं. एके संध्याकाळी त्याने भोंग्याचं मनगट तोंडात धरलं, दात टेकवले, आणि थांबला. डोळे वर करून तिच्याकडे बघितलं. मग तोंड उघडून मनगट सोडून दिलं आणि ते खरखरीत जिभेने चाटलं.

आत कोणीतरी आहे, हे त्याला कळलं होतं.

भोंग्याने ठरवलं होतं की हे झालं की आपण अशी आरोळी ठोकायची की गल्लीतल्या खिडक्या उघडतील. ती तोंड उघडून वाट बघत राहिली. आनंद व्हायला हवा होता. तो येईना. तिने तोंड मिटलं आणि बोक्याला अंडं उकडून दिलं.

आईनेही ते मानलं, आपल्या पद्धतीने. एका रविवारी ती खुर्चीत बसून मोज्यांना नव्हे, पायमोज्यांना ठिगळ लावत होती आणि तपासनीस तिच्या मांडीवर चढून झोपला. सुई चाललेला हात तेवढा त्याच्या कानापाशी येऊन थांबायचा, कान जरा चोळायचा आणि परत कामाला लागायचा.

पण बाबांचे हात. बाबांच्या हातांवर रोज नवीन खुणा. आई दवाखान्यातून आली की हात धुवायच्या आधी बाबांचा हात उलटसुलट करून बघायची.

"हे आजचं."

"असेल."

"पोरीला चावत नाही, मला चावत नाही, तुम्हालाच बरा चावतो. तुम्ही हात मागे ओढत असणार."

"नाही ओढत."

"मग उठून जात नसणार."

"कामात असतो," बाबा म्हणाले.

"हात दाखवून अवलक्षण," आई म्हणाली आणि औषधाची बाटली आणायला गेली. वाटेत भोंग्याला म्हणाली, "माझा शब्द तो शब्द. ताजा चावा म्हणजे ताजा चावा. कोणाच्या का हातावर असेना."

परीक्षा सुरू झाल्या. भोंग्याने बाबांना पुन्हा पुन्हा समजावलं. शेपटीकडे बघा. हात टेबलावर ठेवा. ही काठी तुमच्याजवळ असू द्या. बाबा प्रत्येक वेळी बरं म्हणाले. काठी जिथे ठेवली तिथेच उभी राहिली. भोंग्याला वाटलं, बाबांचं लक्ष नाही, विसरतात. तिने त्यांच्या मशिनीवर खडूने 'हात!' असं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते पुसलेलं नव्हतं आणि चावाही नवीन होता.

शेवटून दुसरा पेपर लवकर सुटला. चष्मेवाली म्हणाली, "चल, नदीवर जाऊ." भोंगा म्हणाली, "उद्या." आणि घरी आली. आई कामावर होती. पुढच्या खोलीत कोणी नव्हतं. कारखान्याचं दार लोटलेलं होतं. मशीन चालू नव्हती, म्हणून तिने हाक न मारता दार थोडंसं ढकललं.

बाबा काकाच्या मशिनीपाशी बसले होते. स्वतःच्या नव्हे, काकाच्या. डावा हात मशिनीवर, आणि उजवा खुर्चीच्या बाजूने खाली सोडलेला. खाली तपासनीस दबा धरून बसला होता. शेपटीचं टोक फटकारत होतं. बाबा त्याच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या खाली सोडलेल्या हाताची बोटं हलत होती. एकेक, सावकाश, काका मोजा घालून नाचवायचा तशी.

तपासनीस लगेच आला नाही. त्याने एकदा तोंड फिरवलं. उठून दोन पावलं लांब गेला, तेव्हा बाबांनी हात त्याच्याजवळ नेला आणि बोटं त्याच्या मिशांवर टपटप मारली. मग तो आला. दात रुतले. बाबा हलले नाहीत. त्यांनी मान किंचित कलती केली, दूरवरून कोणी हाक मारतंय का हे ऐकायला माणूस करतो तशी. रक्ताचा एक थेंब करंगळीवरून फरशीवर पडला. बोका सुटला, मागे सरला, कान पाडून बाबांकडे बघत राहिला. बाबांनी बोटं पुन्हा हलवली.

"बाबा."

त्यांनी दचकून हात ओढला नाही. हळूच वर घेतला आणि मांडीवर ठेवला. "लवकर सुटलीस?"

"हो."

"पेपर बरा गेला?"

"बरा गेला." भोंगा आत आली. तपासनीस तिच्या पायांना अंग घासून बाहेर निघून गेला. ती बाबांच्या मशिनीच्या स्टुलावर बसली, त्यांच्या समोर. तिच्या आवाजाला काय झालं कोण जाणे, तो भोंग्याचा नव्हता, जुन्या मुकीचा होता. "का करता असं?"

"दुखत नाही गं."

"मग कशाला?"

बाबांनी बोटं उघडमीट करून बघितली. "बघतो," ते म्हणाले, "दुखतं का."

बाहेरच्या रस्त्यावरून एक गाडी गेली आणि भिंतीवरचे लाकडी हात किंचित वाजले.

"तो गेला," बाबा म्हणाले, "तेव्हा सुईखाली मोज्याचा अंगठा अर्धा राहिला होता. दुसऱ्या दिवशी बसून मी तो पुरा केला. शिवण सरळ आली. मला वाटलं, आज नाही, उद्या होईल. मग माल बांधला, पाठवला. वाटलं, आता होईल. अजून वाट बघतोय."

"काय होईल?"

"जे व्हायला पाहिजे ते." त्यांनी हात उलटा केला. "कधी कधी, हा जोरात चावला ना, की इथवर येतं." त्यांनी कोपरापाशी बोट ठेवलं. "तिथून पुढे येत नाही."

भोंग्याला वाटलं, आता आपल्याला काहीतरी म्हणता यायला हवं. भर सभागृहात उभं राहून वाटेल ते विचारणारी मुलगी आपण. तिने उठून औषधाची बाटली आणली, बाबांचा हात धुतला, औषध लावलं. आई लावते तसंच, घट्ट धरून. हात जड होता आणि ऊन होता. त्याने काही केलं नाही, तिच्या हातात नुसता पडून राहिला.

"आईला सांगणार?" बाबांनी विचारलं.

"माहीत नाही."

"बरं."

शेवटचा पेपर झाला तेव्हा वर्गातल्या मुली बाकांवर चढून ओरडत होत्या. भोंगा ओरडली नाही, म्हणून दोघी-तिघींनी तिचं कपाळ तापलंय का बघितलं. बाहेर पडल्यावर तिने चष्मेवालीला फाटकाशी गाठलं.

"तुझ्या घरी उंदीर आहेत ना?"

"हळू बोल गं. आहेत. बाबांच्या सायकलींच्या दुकानात तर सीटा कुरतडतात. का?"

"मांजर ठेवशील?"

चष्मेवालीने चष्मा काढून पुसला. "तपासनीस? तो तर चावतो."

"हात दिलास तर चावतो. आता तेवढंच उरलंय."

"मग मी कशाला देईन हात?"

"मग नाही चावणार."

"पण तो तुझा आहे," चष्मेवाली म्हणाली. "त्याच्यासाठी तू एवढं… तुला काही वाटणार नाही?"

भोंगा विचार करून म्हणाली, "ते नंतर बघू."

चष्मेवालीने चष्मा परत लावला. दोघी तशाच दुकानात गेल्या, तिच्या बाबांना विचारलं. ते चाकाच्या तारा ओढत होते. मान वर न करता म्हणाले, "सीटा वाचवणार असेल तर बोकाच काय, वाघ आणा."

संध्याकाळी टेबलावर सूप होतं. आईने वाढून झाल्यावर बाबांचा हात ओढून दिव्याखाली धरला. कालची खूण होतीच. तिच्या बाजूला आजची, अजून ओली.

"झालं," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "मुली, तू खूप केलंस. मी बघितलंय. पण परीक्षा संपल्या आणि हा बघ हात. उद्या व्यापाऱ्याला निरोप देते. वाईट वाटून घेऊ नकोस."

बाबा सुपाकडे बघत होते. तपासनीस टेबलाखाली भोंग्याच्या पावलांवर हनुवटी टेकून पडला होता.

भोंग्याने चमचा खाली ठेवला आणि ती उभी राहिली. टेबलाशी उभं राहून बोलायची काही गरज नव्हती. पण बसून ते बाहेर आलं नसतं.

"तो गोदामात जाणार नाही," ती म्हणाली. "उद्या सकाळी मी त्याला चष्मेवालीकडे सोडून येणार आहे. मी ठरवलंय. तिच्या बाबांना विचारून झालंय."

"अगं पण," आई म्हणाली, "तिला चावला तर लोक काय…"

"तो चावायचा थांबलाय, आई. कधीच थांबलाय. बाबा थांबले नाहीत. तो नको म्हणतो, तोंड फिरवतो, तरी बाबा त्याला हात देतात. दुखतं का बघायला."

आई बाबांकडे वळली. पळी धरलेला हात तसाच राहिला. बाबांनी मान वर केली नाही, पण नाही असंही म्हणाले नाहीत.

"त्याला शिकवायला मला इतके दिवस लागले. रोज दुपारी ते सगळं पुसलं जातं. हा त्याच्यावर अन्याय आहे." भोंग्याचा आवाज मोठा नव्हता, पण हललाही नाही. "बाबा, तुमचं ते बघून झालं की मला सांगा. मी त्याला परत आणीन. तोवर नाही. आणि सुट्टी लागली आहे, तर उद्यापासून रोज दुपारी मी कारखान्यात येऊन बसणार आहे, तुमच्या समोर. बोललात तर बोला, नाही बोललात तरी मी उठणार नाही."